वेड लागणं, वेड लावणं आणि ‘वेडी’ असणं

नागपूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न असा: “आमच्या भागातल्या वाचनालयात आम्ही अधूनमधून चित्रपट दाखवतो आणि आधी पानभर मराठी टिपण वाटतो. या वेळी १९९३चा ‘बेनी अँड जून’ आहे. टिपणात मी ‘जून ही वेडी मुलगी’ असं लिहिलं. एकानं सुचवलं, ‘मनोरुग्ण’ करा. दुसरे म्हणाले, मग पुढे ‘तिच्या प्रेमात वेडा झालेला सॅम’ आहे, तेही काढा. काय ठेवू, काय काढू? आणि अशा चित्रपटांना ‘क्वर्की’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?”

आधी उत्तर, मग कारणं. ‘वेडी’ नको आणि ‘मनोरुग्ण’ही नको. ‘जूनला मानसिक आजार आहे’ असं सरळ वाक्य लिहा. ‘प्रेमात वेडा झालेला सॅम’ मात्र खुशाल राहू द्या. दोन्हीकडे शब्द एकच दिसत असला तरी मराठीत त्याची कामं वेगळी आहेत, आणि ती वेगळी ठेवायची सोय भाषेनं क्रियापदांत करून ठेवली आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात गाड्या दुरुस्त करणारा बेनी आणि त्याची चित्रं काढणारी बहीण जून राहतात. आईवडील गेलेले, त्यामुळे बहिणीचं सगळं बेनीच बघतो. पत्त्यांच्या डावात जून हरते आणि त्या पैजेपायी सॅम नावाचा तरुण त्यांच्या घरी मुक्कामाला येतो. हा सॅम बस्टर कीटन आणि चॅप्लिनच्या मूकपटांत बुडालेला. दोन छोट्या पावांना काटे खोचून तो ते पायांसारखे टेबलावर नाचवतो, उकडलेले बटाटे टेनिसच्या रॅकेटनं कुस्करतो, चीजचं सँडविच कपड्यांच्या इस्त्रीनं भाजतो. दोघं प्रेमात पडतात. जूनच्या आजाराचं नाव चित्रपटात कुठंही घेतलेलं नाही, हे टिपण लिहिताना लक्षात ठेवा. आपल्या मनानं ‘स्किझोफ्रेनिया’ लिहू नका, आणि त्याला ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ तर मुळीच म्हणू नका. तो आजारच वेगळा. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात.

आता ‘वेड’. मराठीत वेड लागतं. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तसंच. ज्याला लागतं तो माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन वाक्यात वेगळा उभा असतो: तिला वेड लागलं, त्याला चळ लागला, संतांच्या भाषेत पिसे लागले. वेड लावताही येतं: त्या पोरीनं त्याला वेड लावलं, क्रिकेटनं गावाला वेड लावलं. वेडाचं सोंग घेता येतं. वेड पांघरता येतं, आणि पांघरून पेडगावला जाता येतं. खूळ डोक्यात शिरतं आणि उतरतंही. या सगळ्या प्रयोगांत वेड बाहेरून आलेलं असतं, माणसाच्या अंगावर असतं, आणि जाऊ शकतं. खालचा माणूस शाबूत असतो.

‘वेडा’, ‘वेडी’ हे विशेषण लावलं की ही मोकळी जागा बुजते. ‘तिला वेड लागलं’ म्हटल्यावर ऐकणारा विचारतो, कधीपासून? कशानं? ‘ती वेडी आहे’ म्हटल्यावर विचारायला काही उरत नाही. बाकीच्या आजारांबाबत आपण अशी घाई करत नाही. काकांना शुगर आहे, आत्याला बीपी आहे, धाकट्याला दमा आहे. सगळीकडे ‘ला’ आहे. मनाच्या आजारालाही तोच ‘ला’ मिळायला हवा, आणि म्हणून ‘जूनला मानसिक आजार आहे’ हे वाक्य मला सगळ्यांत बरोबर वाटतं. ते गुळगुळीत किंवा सरकारी आहे म्हणून नव्हे. मराठीत आजार सांगायची मुळातली रीतच ती आहे.

‘वेडी’ हा शब्दच वाईट आहे, असं मात्र मला म्हणायचं नाही. तोंडावर म्हटलेला ‘वेडी’ आणि पाठीमागे म्हटलेला ‘वेडी’ यांत मोठं अंतर आहे. ‘वेडाबाई, जेवून घे आधी’ असं आई म्हणते तेव्हा त्यात निव्वळ माया असते. आपल्या नागपुरात तर मित्र भेटल्यावर पहिलं वाक्य ‘पागल झाला का बे?’ असू शकतं, आणि ‘बह्याड’ किंवा ‘भैताड’ म्हटल्याशिवाय काहींची मैत्री पुढे सरकत नाही. समोरचा माणूस उलट उत्तर देऊ शकतो, म्हणून हे चालतं. टिपणातली जून उत्तर द्यायला तिथं नसते. तिची ओळख करून देताना हाच शब्द शिक्का होतो.

नागपूरकरांना ‘पागल’ या शब्दाचं आणखी एक रूप रोज भेटतं. कोराडी रस्त्यावरच्या चौकाला ऑटोवाले आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. पाटीवरचं नाव बदलत गेलं, कायदेही बदलले. १९१२च्या कायद्याच्या नावातच ‘लूनसी’ म्हणजे ‘वेड’ हा इंग्रजी शब्द होता, १९८७ साली त्याजागी मानसिक आरोग्याचा कायदा आला, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ ही शब्दयोजना पक्की केली. चौक मात्र पागलखान्याचाच राहिला. तिथं ज्यांचं माणूस भरती असतं त्यांच्या तोंडी हा शब्द सहसा येत नाही. ते म्हणतात, ‘मोठ्या दवाखान्यात नेलं होतं’. घरातल्यांचे शब्द ऐकण्यासारखे असतात: ‘त्याच्या गोळ्या चालू आहेत’, ‘डोक्याची ट्रीटमेंट आहे’, ‘मधे बरं होतं, आता पुन्हा सुरू झालं’. या शेवटच्या वाक्यात काय सुरू झालं ते सांगितलेलंच नाही, आणि तरी ऐकणाऱ्या प्रत्येकाला समजतं. तुमच्या टिपणात बेनीच्या बाजूनं एखादं वाक्य लिहायचं असेल तर हीच भाषा वापरा. तोही असाच वर्षानुवर्षं सांभाळणारा भाऊ आहे.

याच पागलखान्याशी ताजुद्दीन बाबांचं नाव जोडलेलं आहे. कामठीला जन्मलेल्या बाबांना १८९२ साली वेडे ठरवून इथं ठेवलं आणि १९०८ पर्यंत ते इथंच होते. लोक दर्शनाला पागलखान्यात जात. पुढे रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याला आपल्या वाड्यावर आणलं. ताजबागच्या दर्ग्यावर आज जी गर्दी लोटते ती याच बाबांसाठी. एकाच माणसाला सरकारी दप्तर वेडा म्हणत होतं आणि गाव बाबा म्हणत होतं.

त्याच्याही सहाशे वर्षं मागे गेलात तर विदर्भातच, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, गुंडम राऊळ भेटतात. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे हे गुरू. त्यांचं चरित्र तेराव्या शतकाच्या अखेरच्या मराठीत लिहिलेलं आहे, आणि त्यात गावकरी त्यांच्याविषयी पुन्हा पुन्हा काय म्हणतात? ‘राउळ वेडे, राउळ पिसे’. राऊळ कुणाच्याही घरात शिरत, हवं ते मागून खात, पोरांत खेळत, आपल्याशीच बोलत. ‘वेडे’ आणि ‘पिसे’ हे दोन शब्द शेजारी ठेवलेले आहेत, त्याकडे जरा थांबून पाहा. ‘पिसे’चा संबंध पिशाचाशी जोडतात; पिसाट, पिसाळलेला ही त्याचीच भावंडं. म्हणजे एका शब्दात डोकं ठिकाणावर नसणं आहे आणि दुसऱ्यात बाहेरचं काहीतरी अंगात शिरणं आहे. गावानं दोन्ही शब्द वापरले, आणि त्याच गावानं राऊळांना मायबापही म्हटलं. मराठीच्या इतक्या जुन्या लिखाणात वेड आणि जीव लावणं हे असे एकत्र सापडतात. म्हणूनच ‘प्रेमात वेडा’ काढू नका म्हणतो. तो मराठीच्या बुडाशीच असलेला प्रयोग आहे.

पण इथंच सावधही राहायला हवं. राऊळांमुळे आणि बाबांमुळे ‘वेड’ शब्दाला जे तेज आलं, ते आजारी माणसाच्या डोक्यावर ठेवलं तर त्याच्या गोळ्या बंद होतात. संस्कृत नाट्यशास्त्रानं हा फरक केव्हाच नीट ठेवला आहे. प्रेमात झुरणाऱ्याच्या दहा अवस्था भरतानं सांगितल्या आहेत: अभिलाषापासून सुरू होऊन चिंतन, अनुस्मृती, गुणकीर्तन, उद्वेग, विलाप, मग उन्माद, त्यानंतर व्याधी, जडता आणि शेवटी मरण. उन्माद सातवा, व्याधी आठवी. लागून आहेत, पण एक नाहीत. प्रेमातल्या उन्मादालासुद्धा भरत व्याधी म्हणत नाही, तर खऱ्या व्याधीला आपण प्रेमातला उन्माद म्हणून गोड का करावं? चित्रपटातही हे आहे. सॅमबरोबर पळून जाताना बसमध्ये जूनचा त्रास बळावतो, तिला इस्पितळात न्यावं लागतं, आणि तोपर्यंत हसत असलेले प्रेक्षक गप्प होतात. त्या प्रसंगासाठी ‘वेडाचा झटका’ लिहू नका. ‘आजार बळावला’ हे आपल्याकडे कुठल्याही आजाराला चालतं, इथंही चालेल.

आता ‘मनोरुग्ण’ का नको. वर्तमानपत्रांनी हा शब्द सभ्य म्हणून रुजवला, आणि ‘वेडी’पेक्षा तो बराच बरा आहे हे खरं. ‘रुग्ण’ आणि ‘रोग’ एकाच धातूचे, आणि त्या धातूचा मूळ अर्थ मोडणं. पण माझी हरकत व्युत्पत्तीला नाही, नामाला आहे. रुग्ण माणूस दवाखान्यात असेपर्यंत रुग्ण असतो. सुट्टी झाली की तो पुन्हा शिक्षक, पेंटर, बहीण होतो. ‘मनोरुग्ण’ला मात्र ही सुट्टी मिळत नाही, बरा होऊन दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसाबद्दलही लोक ‘तो मनोरुग्ण होता ना?’ असं कुजबुजतात. वॉर्ड, खाटा, औषधं यांबद्दल लिहिताना शब्द ठीक आहे. एका मुलीची ओळख करून देताना नको.

‘क्वर्की’साठी मी ‘तऱ्हेवाईक’ घेईन. ‘विक्षिप्त’मध्ये किंचित भीती आहे, ‘विचित्र’मध्ये नापसंती आहे, ‘लहरी’ माणूस दुसऱ्याला ताटकळत ठेवतो. ‘अतरंगी’ आजच्या पोरांचा लाडका शब्द आहे आणि सॅमला शोभेलही, पण छापील टिपणात तो थोडा नाचरा वाटतो. तऱ्हेवाईक माणसाची स्वतःची एक तऱ्हा असते, ती तो कुणावर लादत नाही, आणि आपण हसतो तेव्हा त्याचा अपमान होत नाही. इस्त्रीवर सँडविच भाजणाऱ्याला याहून नेमका शब्द नाही. चित्रपटालाही तोच लावा: ‘तऱ्हेवाईक प्रेमकथा’. ‘वेडी प्रेमकथा’ एरवी गोड वाटलं असतं, पण ज्या गोष्टीत खरा आजार आहे तिच्या शीर्षकात ते नको.

राहिलं एक वाक्य, जे तुम्ही विचारलं नाहीत, पण टिपणात यायलाच हवं. जूनबद्दल बेनीशी बोलताना सॅम म्हणतो की थोडासा मानसिक आजार सोडला तर ती अगदी ‘नॉर्मल’ आहे. हे मराठीत आणताना पहिली अडचण ‘नॉर्मल’ची. ‘सामान्य’ म्हटलं तर तिच्यात काही विशेष नाही असा अर्थ होतो, आणि जून तर भर रस्त्यात उभी राहून टेबल टेनिसच्या बॅटनं वाहतूक हाकणारी मुलगी. ‘सर्वसाधारण’ला फायलींचा वास येतो. ‘शहाणी’ हा ‘वेडी’चा खरा उलट शब्द, पण ‘दीडशहाणा’ वगैरेंच्या संगतीत तो आता टोचतो. यासाठी मराठीत एक फार चांगला शब्द तयार आहे: चारचौघींसारखी. ‘थोडासा मानसिक आजार आहे, तेवढं सोडलं तर ती अगदी चारचौघींसारखी आहे.’ ‘तेवढं सोडलं तर’ हे शब्द गाळू नका. वाक्याचं सगळं हसू आणि सगळी माया तिथंच आहे. आपणही सुनेची, जावयाची, शेजाऱ्याची तारीफ ‘तेवढं सोडलं तर’ म्हणतच करतो.

टिपणाची सुरुवात अशी करता येईल: ‘जून चित्रं काढते. तिला मानसिक आजार आहे आणि तिचा भाऊ बेनी तिला सांभाळतो. पत्त्यांच्या एका डावामुळे सॅम नावाचा तऱ्हेवाईक तरुण त्यांच्या घरी येतो आणि जूनच्या प्रेमात वेडा होतो.’ तिन्ही माणसं यात नावानं येतात, आणि ‘वेडा’ ज्याच्यासाठी खुशाल वापरता येईल त्याच्याच वाट्याला जातो.

लिहिताना एकच काळजी घ्या. देवनागरीत ‘जून’ वाचताना महिना डोळ्यांसमोर येतो, भाजीवाल्याकडची जून भेंडीही येते. पहिल्यांदा नाव आलं की ‘जून नावाची तरुणी’ असं लिहा, आणि ‘जूनमध्ये’ हे रूप शक्यतो टाळा. ‘सॅम जूनमध्ये गुंततो’ असं छापलं तर अर्धे सभासद महिना समजतील. तिथं ‘जूनमध्ये त्याचा जीव गुंततो’ असंही नको, ‘जूनवर त्याचा जीव जडतो’ असं लिहा.