अमेरिकन फुटबॉल आणि रग्बी यांपैकी एकच खेळ नियमित पाहायचा असेल, तर कोणता निवडावा?

क्रिकेटचा कंटाळा आला असून आठवड्यातून एखादाच सामना पाहण्याइतका वेळ मिळतो, आणि "दोन्ही खेळ दुरून सारखेच दिसतात", तेव्हा अमेरिकन फुटबॉल पाहावा की रग्बी, असे आपण विचारले आहे. रग्बी पाहा. एवढ्यावर उत्तर संपवता आले असते. परंतु ते "सारखेच दिसतात" मी माझ्या थोरल्या चुलतभावाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की मला थांबणे जमणार नाही. आमच्या घरात हा वाद २०१७ पासून चालू आहे आणि मी त्यातला एक पक्ष आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावे.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. तरुणपणी मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळत असे. चुलतभावाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते बरीच वर्षे ह्यूस्टनला संगणकाच्या नोकरीत आहेत, आणि गावी आले की शाळेच्या मैदानावर एक चक्कर मारून "मास्तर, ही पोरं अमेरिकेत असती तर घरावर घरं बांधली असती" असे न चुकता म्हणतात. त्यांचा जीव अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. रग्बी म्हणजे त्याच खेळाची गरीब, हेल्मेट न परवडलेली आवृत्ती, असा त्यांचा पक्का समज आहे. इतिहास नेमका उलटा आहे, हे त्यांना किती वेळा सांगितले तरी पटत नाही. अमेरिकेतली महाविद्यालये आधी रग्बीसारखाच खेळ खेळत होती. १८८० मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांनी खांदे भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करण्याच्या जागी, चेंडू एकाच संघाच्या ताब्यात देऊन खेळ सुरू करण्याची पद्धत आली, आणि १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. या दोन बदलांनंतर तो खेळ रग्बीचा राहिला नाही. घर एकच होते, पण वाटण्या झाल्या.

आता २०१७ चा प्रसंग सांगतो. त्या फेब्रुवारीत घरात लग्न होते आणि त्यासाठी अण्णा गावी आले होते. दुर्दैव असे, की त्या वर्षीचा सुपर बोल, म्हणजे अमेरिकेच्या लीगचा अंतिम सामना, नेमका ह्यूस्टनमध्ये होता. आयुष्यभर ज्या सामन्याची वाट पाहिली, तो स्वतःच्या शहरात आणि आपण वाड्याच्या ओसरीवर, या दुःखाने ते दोन दिवस धड जेवले नाहीत. तो सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे पाच वाजता सुरू होतो. मोबाइलचे फुकट इंटरनेट तेव्हा नुकतेच गावात पोहोचले होते. ज्वारीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून, रजया पांघरून, घरातली दहा-बारा पोरे आणि आम्ही दोघे बसलो.

माझ्या गळ्यात सवयीने स्टॉपवॉच होते. अण्णा नियम समजावून सांगत होते, आणि मी चेंडू हलला की घड्याळ चालू, पंचांनी खेळ थांबवला की बंद, असा उद्योग आरंभला होता. पंधरा मिनिटांच्या पहिल्या सत्रात एकाही संघाला गुण मिळाला नाही, आणि माझ्या घड्याळाने तीन मिनिटांच्या आसपास खेळ दाखवला. बाकीचा वेळ उभे राहणे, कानगोष्टी आणि जाहिराती यांत गेला होता. मी ते घड्याळ अण्णांच्या पुढे धरले. ते करणे मला शोभले नाही, हे आज कबूल करतो, कारण पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा उतरला.

मध्यंतराला अटलांटाचा संघ न्यू इंग्लंडच्या संघाविरुद्ध २१–३ ने पुढे होता आणि नंतर फरक २८–३ झाला. तेव्हा मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अण्णा, हा सामना संपला. संपला नसेल तर अख्ख्या गल्लीला हुरडा माझ्याकडून." आचाऱ्याला लागणारे दूध आणायला जायचे होते, मी गेलो. नऊच्या सुमारास परत आलो तेव्हा पोरे अंगणात नाचत होती आणि अण्णा ओसरीवर नुसते उभे होते. न्यू इंग्लंडने बरोबरी साधून, जादा वेळेत ३४–२८ ने सामना जिंकला होता. सुपर बोल जादा वेळेत जाण्याची ती पहिलीच खेप होती. अण्णा मला काहीही बोलले नाहीत. मात्र तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला ह्यूस्टनहून फोन येतो आणि पहिला शब्द असतो, "काय मास्तर, अठ्ठावीस-तीन?"

हुरडा दिला. आगटीतली गरम कणसे हातावर चोळताना मला त्या खेळाचे एक मर्म मात्र कळले, आणि ते आपल्याला सांगितले नाही तर अप्रामाणिकपणा होईल. ज्या थांबण्याची मी टिंगल केली, त्या थांबण्यातच त्या पुनरागमनाचे बी होते. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही तर घड्याळ थांबते, शेवटच्या काही मिनिटांत खेळाडू रेषेबाहेर गेला तरी थांबते, आणि टचडाउननंतर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण मिळवल्यावर, आणखी दोन गुणांचा धोका पत्करला तर एका हल्ल्यात आठ गुण मिळतात. सोळा गुणांची पिछाडी म्हणजे दोन हल्ले. न्यू इंग्लंडने शेवटी नेमके तेच केले. ज्याला क्रिकेटमध्ये शेवटच्या दहा षटकांचे गणित मांडत बसायला आवडते, त्याला हा खेळ पटकन कळेल, कारण दर चालीआधी क्षेत्ररचना, मग चेंडू, मग पुन्हा विचार, हा आपल्या ओळखीचाच ताल आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड, एवढे धरून ठेवले की पहिल्या दिवशी अर्धा सामना समजतो.

माझा एक आक्षेप मात्र त्या दिवसापासून कायम आहे. जादा वेळेत नाणेफेक न्यू इंग्लंडने जिंकली, पहिल्याच हल्ल्यात टचडाउन झाला आणि अटलांटाच्या हाती चेंडू आलाच नाही. हे मी अण्णांना फोनवर म्हटले, तेव्हा "हरलेले असंच बोलतात" असे उत्तर मिळाले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लीगने बाद फेरीसाठी तो नियम बदलला आणि दोन्ही संघांना संधी देणे सुरू केले. तेव्हा मात्र अण्णांचा फोन आला नाही.

माझ्या बाजूने मी त्यांना १६ मार्च २०१९ चा, लंडनच्या ट्विकनम मैदानावरचा रग्बीचा सामना दाखवतो. इंग्लंड ३१–० ने पुढे होते. फरक २५ चा नव्हे, ३१ चा. स्कॉटलंडने तो भरून काढला, ३८–३१ अशी आघाडी घेतली, आणि इंग्लंडने अगदी शेवटी बरोबरी केली. घड्याळ धावत असताना, हेल्मेट नसताना आणि प्रशिक्षकाचा आवाज कानात नसताना हे घडले. बरोबरी झाल्यामुळे करंडक आधीच्या विजेत्याकडे, म्हणजे स्कॉटलंडकडेच राहिला. तो करंडक आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे: कलकत्त्यातला इंग्रजांचा क्लब बंद पडला, तेव्हा त्याच्या शिल्लक पैशाचे रुपये वितळवून तो घडवला गेला, म्हणून त्याला कलकत्ता कप म्हणतात. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. अण्णांचे यावर म्हणणे, "बरोबरीच झाली की शेवटी."

आता मी रग्बी का सांगतो ते ऐका. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूवाल्याला पाडले की शिट्टी वाजते आणि गोष्ट संपते. रग्बीत त्याच क्षणी खरी गोष्ट सुरू होते. पाडणाऱ्याने पकड सोडायची, पडलेल्याने चेंडू सोडायचा, आणि उभ्या राहिलेल्यांनी त्या चेंडूवर झुंजायचे, हा रक. आमची कबड्डीची मुले मी रग्बीकडे वळवली, तेव्हा पहिला महिना याच जागी गेला. सोयाबीनचा भुसा भरलेल्या पोत्यावर त्यांची घोट्याची पकड पाहण्यासारखी होती, पण कबड्डीत चढाईपटूचा दम सुटेपर्यंत पकड सोडायची नसते, आणि येथे सोडली नाही तर समोरच्याला पेनल्टी मिळते. पोरे रडकुंडीला येत. एकदा सोडायची सवय लागल्यावर मात्र ती ज्या चपळाईने उठून चेंडूवर जात, ते पाहून मला कळले की हा खेळ आमच्या मातीला परका नाही. (शिक्षकांच्या खोलीत याला "वाढीव गुणांचा खेळ" म्हटले जाते. म्हणणाऱ्यांपैकी कोणीही जुलैच्या काळ्या चिखलात स्क्रमला खांदा लावून पाहिलेला नाही.)

दुसरे असे, की अमेरिकन फुटबॉलमध्ये हल्ल्याचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, लाथ मारणारा आणखी वेगळा, आणि चेंडू हाती नसलेल्या माणसाला अडवणे हेच निम्म्यांचे काम. रग्बीत असे अडवणे गुन्हा आहे, आणि पंधराच्या पंधरा जणांना हल्लाही करावा लागतो व बचावही. एकशेवीस किलोच्या माणसालाही पास द्यावा लागतो. यावर अण्णा जॉर्डन मैलाटा याचे नाव पुढे करतात. हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांची रग्बी, खेळणारा खेळाडू अमेरिकेत गेला आणि फिलाडेल्फियाकडून २०२५ चा सुपर बोल जिंकला. माणूस मोठाच आहे. पण वेल्सचा लुई रीस-झॅमिट २०२४ मध्ये तिकडे गेला आणि २०२५ मध्ये रग्बीत परत आला, हेही अण्णांनी सांगावे.

वेळेचे सांगायचे राहिले, आणि आपल्याला बहुधा तेच हवे होते. अमेरिकेचे सामने सप्टेंबर ते फेब्रुवारी असतात. युरोपात होणारे मोजके सामने सोडले, तर रविवारचा लवकरातला लवकर सामनासुद्धा आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होतो व तीन तासांहून जास्त चालतो. सोमवारी नोकरीवर जाणाऱ्याचे ते काम नव्हे. रग्बीत फेब्रुवारी-मार्चमधल्या सिक्स नेशन्सचे, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचे, शनिवारचे पहिले सामने आपल्याकडे संध्याकाळी जेवणाच्या आधी सुरू होतात, दक्षिण आफ्रिकेतले रात्री साडेआठच्या सुमारास, आणि न्यूझीलंडमधले भर दुपारी. दोन तासांत मोकळे. तेव्हा सिक्स नेशन्सपासून सुरुवात करावी आणि एकच संघ धरावा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रकमध्ये पंचाने शिट्टी का वाजवली हे मलाही दहातून तीन वेळा कळत नाही, आणि स्क्रम कोसळून पुन्हा पुन्हा लावला जातो तेव्हा माझे स्टॉपवॉच मी खिशात ठेवतो. डोक्याच्या दुखापतींचा डाग दोन्ही खेळांवर आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन याला ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश झाला आणि तो अंतिम सामना त्याला आठवत नाही. हे समजल्यापासून मी मुलांना डोके बाजूला कसे ठेवायचे, हे पकडीच्या आधी शिकवतो.

शिवाय सगळेच सामने २०१९ सारखे नसतात. २०२३ चा विश्वचषकाचा अंतिम सामना मी रात्री साडेबाराला एकट्याने पाहिला. न्यूझीलंडचा कर्णधार पहिल्याच सत्रात बाहेर गेला, दक्षिण आफ्रिका १२–११ ने जिंकली, आणि माझे हात थरथरत असताना मी ह्यूस्टनला फोन लावला. तिकडे दुपार होती आणि अण्णांनी सामना पाहिला होता, हेच मला नवल वाटले. त्यांनी विचारले, "चार पेनल्ट्या मारल्या आणि जिंकले? ट्राय एकच झाला, तोही हरणाऱ्यांचा?" (ट्राय म्हणजे रग्बीतला टचडाउन, आणि पेनल्टी म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली तीन गुणांची लाथ.) ते खरे असल्यामुळे मी विषय लग्नांकडे वळवला. २०३१ चा पुरुषांचा विश्वचषक मात्र अमेरिकेतच व्हायचा आहे. अण्णांना मी आताच कळवून ठेवले आहे की त्या वर्षी गावात कोणाचेही लग्न निघाले तरी मी येणार नाही, स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या घरी उतरणार आहे.