घरातल्या तीन-चार कॉम्प्युटरची वेळ एकसारखी ठेवायला वेगळा टाईम सर्व्हर (बाकीच्यांना बरोबर वेळ सांगणारं मशीन) लागतो का?

लागतोच असं नाही, पण लावा. आणि तुम्ही प्रश्नात "थोडं मागेपुढे झालं तर काय बिघडतं" असं लिहिलंय ना, हेच आमचा दादा वर्षानुवर्षं म्हणतोय, म्हणून लिहायला बसलो.

दादाच्या डेस्कटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजून वाचतं, म्हणजे लिनक्स चालू केलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास पुढे. एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची सोय) चालू असतं तर नेट आल्यावर आपोआप जागेवर आलं असतं, पण दादाने ऑटोमॅटिक टाईम बंद केला आणि टाईमझोनच यूटीसी करून टाकला. स्क्रीनवर वेळ बरोबर दिसायला लागली, झालं याचं समाधान. पण टाईमझोनने फक्त दिसणारी वेळ बदलते, फाईल सेव्ह झाल्याचा शिक्का कॉम्प्युटरच्या आतल्या वेळेचा पडतो आणि ती साडेपाच तास पुढचीच. सकाळी दहाला त्याने दुकानाच्या हिशोबाची शीट उघडून सेव्ह केली, शिक्का पडला दुपारी साडेतीनचा. वहिनीने तीच शीट एक वाजता लॅपटॉपवर पूर्ण केली. रात्री सिंक झालं, त्यात नंतरचा शिक्का असलेली फाईल ठेवायची असा नियम, त्यामुळे दादाची अर्धवट शीट राहिली आणि वहिनीचं सगळं काम गेलं. वर तिलाच म्हणे "तू सेव्ह केलं नसशील". आजही सिंकच्या सॉफ्टवेअरला भंगार म्हणतो. अरे, त्याला घड्याळच खोटं दिलंस तर ते काय करणार!

तर कायम चालू राहणाऱ्या एका लिनक्स मशीनवर क्रोनी (वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर, chrony) टाका, ते बाहेरून वेळ घेईल आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता द्या. क्रोनी आपणहून कुणाला वेळ देत नाही, घरच्या नेटवर्कसाठी त्याच्या सेटिंगच्या फाईलीत अलाऊची (allow) ओळ घालावी लागते, आणि फायरवॉलमध्ये यूडीपी 123 हा एनटीपीचा पोर्ट उघडा. लोकलची (local) ओळही घाला, म्हणजे नेट गेलं तरी घरातली मशीनं एकमेकांशी जुळून राहतात, नाहीतर कॉम्प्युटरच्या घड्याळातलं साधं क्रिस्टल दिवसाला एखाददोन सेकंद सहज सरकतं. दोन सिस्टीम असतील तर विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीत आहे असं सांगा, टाईमझोन बदलून वेळ जुळवू नका, सांगणारा थोरला भाऊ असला तरी.

हां, त्या कायम चालू मशीनसाठी रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डावरचा कॉम्प्युटर) वापरणार असाल तर 4 पर्यंतच्या मॉडेलात बॅटरीचं घड्याळ नाही, लाईट जाऊन आली की नेट मिळेपर्यंत त्याच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. 5 मध्ये आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते.