बालवाड्यांसाठी इम्पॅक्ट इन्व्हेस्टरचा पैसा घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, तुमच्या बालवाड्यांना पैसा द्यायला एक इम्पॅक्ट इन्व्हेस्टर (समाजाचं भलं आणि परतावा दोन्ही बघून पैसा घालणारा) तयार आहे, घ्यावा का? घ्या. पण मुलं किती शिकली हे कोण मोजणार आणि कधी मोजणार, हे आधी विचारा. आमचं तिथेच बिनसलं.

आमच्या बालवाड्या बीड जिल्ह्यात, मी तिथे शिकवणारी ताई, पोरं बहुतेक ऊसतोड कामगारांची. ही योजना मी तिकडे उचलीवरून समजावायचे. हंगामाआधी मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो, कोयता म्हणजे तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं ती ऊस तोडून फेडतं. इथे इन्व्हेस्टर संस्थेला उचल देतो. मुलं ठरल्याइतकी शिकली तर सरकार किंवा एखादं फाउंडेशन त्याला ती व्याजासकट परत करतं. नाही शिकली तर पैसे मुकादमाचेच, म्हणजे इन्व्हेस्टरचेच बुडतात. कागदावर तरी.

ऑगस्टमध्ये शहरातून दोन मुली पोरांची पहिली परीक्षा घ्यायला चित्रांची कार्डं घेऊन आल्या. समोर आमची चार वर्षांची एक पोर, नाक वाहतंय पण तोंड भलतं चुरुचुरु. बैलगाडीचं कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "टायर!" ऊस वाहायची रबरी चाकांची गाडी, तिला आमच्याकडे टायरच म्हणतात. तिचं निम्मं आयुष्य त्या गाडीच्या सावलीत गेलेलं. कागदावर उत्तर होतं 'बैलगाडी'. चूक. फ्रिजला म्हणाली कपाट. चूक. मी मध्ये बोलायला गेले तर, "ताई, तुम्ही बोलायचं नाही, टेस्ट आहे."

संध्याकाळी मी तणतणत आमच्या संस्थेच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, "आत्ता मार्क कमी पडले ते बरंच आहे. वाढ जास्त दिसेल."

दसरा झाला आणि गाड्या हलल्या. पटावर 41, उरली 18. शाळेतल्या पोरांना निदान हंगामी वसतिगृह तरी असतं, तीन-चार वर्षांचं लेकरू आईबरोबर कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवरच जातं. ते परत येणार गुढीपाडव्याच्या आसपास आणि शेवटची परीक्षा फेब्रुवारीत! पुढच्या वर्षी पैसेवाल्यांचा माणूस म्हणाला, "स्थिर कुटुंबातली मुलं घ्या." सरांनी मान डोलावली. मग दुकानदारांची, मास्तरांची पोरं आली, जी कुठेही शिकली असती. निकाल झकास. मी त्याच वर्षी सोडलं. माझं दोन महिन्यांचं मानधन 'निकाल लागल्यावर' म्हणून अडकलेलं, ते वेगळंच.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत युटामध्ये 2013 साली गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेने असाच पैसा पूर्वप्राथमिक वर्गांत घातला. पहिल्या तुकडीत 595 मुलं. चित्रं ओळखायच्या चाचणीवरून त्यांतल्या 110 जणांना पुढे विशेष शिक्षण लागेल असं धरलं, लागलं एकाला. बाकी 109 मुलांच्या वाचलेल्या खर्चातून गोल्डमनला अडीच लाख डॉलरवर पैसे मिळाले. पण चाचणी इंग्रजीत आणि कित्येकांच्या घरी बोली दुसरीच. मग ती पोरं मुळात मागे होती, की त्यांनी बैलगाडीला टायर म्हटलं होतं?

राजस्थानात भिलवाड्याला 2015 ते 2018 असा बाँड (निकालावर पैसे परत मिळायचा हाच करार) झाला तो मात्र मला पटतो. शाळाबाह्य मुली शाळेत आणायच्या आणि शाळेतल्या मुलामुलींना शिकवायचं. यादी गावागावांत दारोदार जाऊन केलेली, मोजणारी संस्था वेगळी. लक्ष्याच्या पुढे गेले, इन्व्हेस्टरला वर्षाला 15 टक्के सुटले. घेऊ देत की. पण ती शाळेच्या वयाची मुलं, तुमची पोरं तीन-चार वर्षांची.

तेव्हा करारात तीन गोष्टी लिहून घ्या. ताईचं मानधन निकालावर लटकवायचं नाही. हंगामाला जाणारं पोर पटावरून काढायचं नाही, त्याची परीक्षा ते परतल्यावर घ्यायची. आणि कार्डं गावातल्या बायांना आधी दाखवायची. इन्व्हेस्टर नाही म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तुमचे सर मान डोलावत असतील तर त्यांनाही.

हो, मी पाहिली ती एकच संस्था, आणि त्या पैशातून पहिल्यांदा बालवाडीला पक्कं छप्पर आणि खेळणी आली हेही खरं. व्याजबिज नको असणारा पैसा आता सोशल स्टॉक एक्स्चेंजवरही (शेअर बाजारातला सामाजिक संस्थांसाठीचा विभाग) उभा करता येतो, तेही बघा.

सर अजून म्हणतात मी तेव्हा भावनेच्या भरात होते. सर, कार्डावरच्या गाडीला रबरी चाकंच होती.