दुभाष्याला श्वास घेऊ दे

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तिकडच्या उपासनेत तू देणार असलेल्या साक्षीचा, म्हणजे आपल्या विश्वासाच्या अनुभवकथनाचा, कच्चा मजकूर वाचला. चांगली चार पानं आहेत. तीन आठवड्यांसाठी जपानला निघालेल्या मुलीनं चार पानं लिहावीत याचं मला नवल नाही. तुझ्या वयात मी पाच लिहिली होती.

ती पाच पानं मी तिकडच्या एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, धडाक्यात बोललो. विसेक माणसं होती, बहुतेक पांढऱ्या केसांची. प्रत्येक वाक्याला माना हलत होत्या, ‘हाइ, हाइ’ चाललं होतं. मला वाटलं, आता सगळ्या गावाचं तारण होणार! उपासनेनंतर दुभाष्यानं चहा पिता पिता सांगितलं की ‘हाइ’ म्हणजे ‘पटलं’ असं नसतं. बऱ्याचदा ते आपल्या ‘हं, ऐकतोय’ एवढंच असतं. मग जरा घुटमळून त्यानं आणखी एक सांगितलं. ‘या देशाला देव ठाऊक नाही’ हे माझं वाक्य त्यानं भाषांतर न करताच सोडून दिलं होतं. पहिल्या बाकावरच्या आजी माझ्या जन्माच्या आधीपासून त्या मंडळीत होत्या. चहाचा घोट घशात अडकला माझ्या.

भाषेचा हा घोळ आपल्याही फार आधीचा आहे. कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर 15 ऑगस्ट 1549 ला कागोशिमाला उतरला, तेव्हा त्याच्यासोबत अंजिरो नावाचा जपानी होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झालेला. देवासाठी त्यानं सुचवलेला शब्द होता ‘दाइनिची’. झेवियर बरेच दिवस तोच वापरत राहिला आणि मग कळलं की ते एका बुद्धाचं नाव आहे. ऐकणाऱ्यांना वाटत होतं, हा आपलंच काहीतरी सांगतोय. शेवटी झेवियरनं देवासाठी सरळ ‘देउस’ हा लॅटिन शब्द म्हणायला सुरुवात केली.

आणि आपल्या वसईचा कॅथलिक संत गोन्सालो गार्सिया! आपण प्रॉटेस्टंट म्हणून त्याचं नाव घेत नाही, पण घ्यायला हवं. जपानी उत्तम यायची, म्हणून 1593 मध्ये तो फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंबरोबर दुभाष्या म्हणून गेला. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर बोलला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांत तो होता. नागासाकीला गेलात तर निशिझाका टेकडीवर जा. तिथल्या सव्वीस पुतळ्यांत एक वसईकर आहे.

पुढचा भाग मात्र नीट ध्यानात घे, कारण तू ज्यांच्याकडे चालली आहेस त्यांच्या पाठीशी तो आहे. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री हाकलले, लपून राहिलेले मारले. दरवर्षी गावकऱ्यांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावायचे. तरीही नागासाकीच्या आसपास लोकांनी विश्वास टिकवला, तोही पाळकाविना. बाप्तिस्मा गावातलाच एखादा माणूस द्यायचा. मार्च 1865 मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही जण आले आणि त्यांतली एक बाई फ्रेंच फादरच्या कानाशी कुजबुजली, “आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे.” बरं, एवढ्यावर सुटका झाली नाही. 1868 पासून उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना हद्दपार केलं. बंदीचे फलक उतरले ते 1873 मध्ये.

आज तिथं सगळे पंथ मिळून ख्रिस्ती शेकडा एकाच्या आसपास. तुला भेटणारी बाई बहुधा तिच्या घरातली एकटीच विश्वासणारी असेल. घरात पूर्वजांचा बुत्सुदान, म्हणजे बौद्ध देव्हारा, सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला उदबत्ती लावायची की नाही हा दर वेळचा पेच, आणि मेल्यावर अस्थी कुठे ठेवायच्या हा त्याहून मोठा. घराण्याच्या थडग्यात की मंडळीच्या? अहिल्यानगरकडच्या आपल्या पणजोबांच्या पिढीला हे सांगावं लागलं नसतं, वाळीत पडणं त्यांनी भोगलं होतं. तेव्हा कुणाच्या घरी बुत्सुदान दिसला तर शेरा मारू नकोस. “बाप्तिस्मा कधी घेणार?” हे तर अजिबात विचारू नकोस. उत्तर ‘चोत्तो…’ असं येऊन हवेत विरून जाईल. आपलं ‘बघू या’ असतं ना, अगदी तस्संच. म्हणजे नाही.

आमच्या वेळच्या अहवालात ‘किती जणांनी [ख्रिस्ताला स्वीकारायचा] निर्णय घेतला’ असा एक रकाना होता. मी त्यात सात लिहिलं. ते सात मानेचे होकार होते. आजही आठवलं की कानशिलं तापतात. तुमच्या अहवालात तसा रकाना असेल तर कोरा ठेव, कुणी ओरडलं तर माझं नाव सांग.

बाकी गोष्टी तिथं गेल्यावर शिकशीलच. दारात बूट काढायचे, टोक बाहेर करून ठेवायचे. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या घालून उपासनेत येऊ नकोस (एक जण आला होता, कोण ते विचारू नकोस). साडेदहाची उपासना म्हणजे सव्वादहाला जागेवर. प्रार्थना हळू आवाजात. सगळे गप्प बसले तर तूही गप्प बस, ती पोकळी भरायचं काम तुझं नाही. अंगणातलं गवत काढायला बोलावलं तर आनंदानं जा.

उपासनेनंतर जेवणाला बऱ्याच ठिकाणी करी-राईस असतो, दाट आणि गोडसर. तू भारतातली म्हटल्यावर एका रविवारी पातेलं तुझ्या हातात येणारच. तिखट अगदी चिमूटभर घाल. मला सगळ्यांत खऱ्या साक्षी ऐकायला मिळाल्या त्या जेवणानंतर ताटं पुसताना. एक धुणार, एक पुसणार, मध्ये कुणीतरी दोन वाक्यं बोलणार. त्या पहिल्या बाकावरच्या आजी तिथंच मला म्हणाल्या की नवऱ्यासाठी त्या चाळीस वर्षं प्रार्थना करताहेत. तो दर रविवारी त्यांना गाडीनं दारापर्यंत सोडतो आणि बाहेर पेपर वाचत बसतो. एवढंच बोलून त्यांनी पुढचं ताट उचललं.

तर ती चार पानं एकावर आण. वाक्यं छोटी कर. ‘कृपासागरात न्हाऊन निघाले’ वगैरे काढून टाक, दुभाष्या बुडेल त्यात. मजकूर त्याला चार दिवस आधी पाठव आणि बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांब, त्यालाही श्वास घेऊ दे.

गोडा मसाल्याची पुडी दोन पिशव्यांत घट्ट बांध. माझी फुटली होती, आणि माझ्या बायबलातल्या स्तोत्रांना अजून दगडफुलाचा वास येतो.

तुझा,
काका