आधी नऊ पावलं मोज

प्रिय मुली,

शनिवारी तुझ्या 'फुटफॉल्स' नाटकाच्या तालमीत मागे बसलो होतो. नंतर तू विचारलंस, "सर, मेचं दुःख पोचतंय का?" तेव्हा मी चहाचं निमित्त काढून टाळलं. रंगमंचावर येरझाऱ्या घालणाऱ्या त्या मेच्या दुःखाचं राहू दे, आधी तिची पावलंच पोचत नाहीयेत.

तुझी नटी कधी आठव्या पावलाला वळते, कधी अकराव्या. नाटककार सॅम्युएल बेकेटने 'फुटफॉल्स'मध्ये रंगमंचावर चालायची पट्टी नऊ पावलांची दिलीय, एक मीटर रुंद. एका बाजूने निघताना उजवा पाय आधी, उलट येताना डावा. नऊ ही विषम संख्या, म्हणून उजव्याने सुरू झालेली फेरी उजव्यानेच संपते आणि पुढची आपसूक डाव्याने निघते. आठच टाकलीस तर वळताना पाय बदलावा लागतो. शनिवारी नेमकी तिथेच ती अडखळत होती. तू मात्र तिला 'आतून शोध' म्हणत होतीस!

१९७६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये बेकेटने हे स्वतः बसवलं, मेची भूमिका केली बिली व्हाइटलॉने. पहिल्या छापील संहितेत पावलं सात होती, ती पुढे नऊ झाली. तुझ्याकडे कुठली आवृत्ती आहे ते आधी बघ.

दुसरं, ते मोजे. आईच्या आवाजात जो मजकूर आहे त्यात मुलगी, म्हणजे मे, गालिचा काढायला लावते. नुसतं चालणं तिला पुरत नाही, पावलं ऐकू यायला हवीत. आणि तू नटीला लोकरी मोजे घातलेस. दिसतात छान, कबूल. उजेडाचंही तेच. तो जमिनीपाशी सर्वांत जास्त, डोक्यावर सर्वांत कमी हवा, आणि तुझा स्पॉट सारखा तिच्या चेहऱ्याला चिकटलेला. शेवटी पट्टीवर उजेड येतो आणि मे नसते. चाल आधी कानात बसलेली असेल तरच तिथे काहीतरी थांबल्याचं प्रेक्षकाला कळेल.

"मग दिग्दर्शकाने करायचं काय?" हा तुझा राग समजतो. १९९४ मध्ये लंडनच्या गॅरिक थिएटरमध्ये दिग्दर्शिका डेबोरा वॉर्नरने अभिनेत्री फिओना शॉला घेऊन याच नाटकात रंगसूचनांपासून फारकत घेतली, तेव्हा बेकेटच्या वारसांनी पुढचा दौरा होऊ दिला नाही. मला ते जरा अतीच वाटतं. पण तू अजून सूचना मोडण्याइतक्या पाळलेल्याच नाहीस. आणि हो, हक्कांच्या परवानगीचं पत्र आजच पाठव. भाषांतरालाही ती लागते.

सोमवारी खडू आणि मीटरटेप आण. नटीला कडक तळाच्या चपला घालायला सांग. मला यायला उशीर झाला तर संवाद सुरू करू नका, तिला नुसतं चालू दे. विंगेत कुणीतरी डोळे मिटून मोजत बसा.

तुझा,
सर