वाचक विचारतात: निकेल-कॅडमियम सेल रात्रभर चार्जिंगला ठेवले तर चालतं का?

प्रश्न: जुन्या कॉर्डलेस फोनमधले सेल आहेत, वर 600 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) लिहिलंय. किती वेळ चार्ज करू? आणि दीडऐवजी 1.2 व्होल्टच का दाखवतात?

उत्तर: 1.2 व्होल्ट बरोबरच आहे हो, सेल खराब नाहीये. आत एका बाजूला निकेलचं संयुग, दुसऱ्या बाजूला कॅडमियम आणि मधे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी, या जोडीतून तेवढंच व्होल्टेज मिळतं, चार्ज करताना तीच रासायनिक क्रिया उलटी फिरते.

साधा स्लो चार्जर असेल तर क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट द्यायचा, म्हणजे तुमच्या सेलला 60 मिलिअँपिअर, आणि तास मात्र 10 नाही तर 14 ते 16, कारण थोडी वीज वाया जातेच. सेलला हात लावून बघा, भरत असताना तो जेमतेम कोमट असतो पण भरला की पुढची सगळी वीज उष्णतेत जाते आणि तो चटकन तापायला लागतो, तेव्हा लगेच काढा. फास्ट चार्जर स्वतः बंद होणाराच घ्या.

आणि एक कळकळीचं सांगणं, मेलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे, ई-कचऱ्यातच द्या.