अवजारे खोलीभर, टेबल चार बाय दोन

प्रश्न : घरी 4 × 2 फुटांचे लाकडी टेबल आहे. त्यावर मॉडेल करणे, किरकोळ दुरुस्ती चालते. व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) आणि अवजारांनीच ते भरून जाते. मागची भिंत जुनी, मातीची. खिळा मारला की पोपडा निघतो. काय करता येईल?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मातीच्या भिंतीत फिशर (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची गुल्ली) धरत नाही, तिचा नाद सोडा. 50 × 50 मिमीचे, 6 फुटी दोन लाकडी खांब टेबलाच्या मागच्या पायांना प्रत्येकी दोन 8 मिमी बोल्टने आवळा. सगळा भार टेबलावर येतो, भिंत सुटते.

खांबांवर तिरक्या कडेच्या आडव्या पट्ट्या मारा. 18 मिमी प्लायची 100 मिमी रुंद पट्टी मधोमध 45 अंशांत लांबीने चिरली की एकाच कापात जोडी मिळते. एक अर्धी खांबांवर : उतार वर आणि मागे, म्हणजे पुढची कड उंच. दुसरी उलटी करून अवजारांच्या फळीच्या पाठीला, म्हणजे ती पहिलीत अडकते. बहुतेकांचे चुकते ते इथेच; उतार पुढे आला तर फळी घसरून थेट कामावर पडते. फळीच्या पाठीला खाली 18 मिमीचा ठोकळाही हवा, नाहीतर ती खालून आत झुकते. दोन पट्ट्यांत 200 मिमी अंतर ठेवले की फळ्या हव्या तशा वरखाली करता येतात. जड वस्तू मात्र खालच्या ओळीतच.

व्हाइस कायमचा नको. टेबलात आरपार भोके पाडून बोल्ट घाला, खाली मोठा वॉशर आणि साधा षटकोनी नट. विंग नट (बोटांनी फिरवायचा, पंखांचा) सोयीचा वाटतो, पण कानस मारताना ढिला होतो. व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर आला पाहिजे. तरच लांब पट्टी उभी धरता येते. बोल्ट, वॉशर शिवाजी उद्यमनगरात सुटे मिळतील.

जागा वाढवायला बाजूला 400 मिमीची घडीची फळी लावा. पट्टी बिजागरी दोन्हींच्या खालच्या अंगाला बसवा. प्लायच्या कडेत स्क्रू मारू नका, थर फाटतात. आधाराला दोन घडीचे ब्रॅकेट.

प्रश्न : स्क्रूंच्या बरण्या फळीखाली टांगल्या, पण उघडताना झाकणासकट फिरतात. पावसाळ्यात हार्डबोर्डही फुगला.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : झाकणाला एकच स्क्रू असणार. 20 मिमी अंतरावर दोन मारा, वॉशर घालून. बरण्या प्लास्टिकच्या घ्या. हार्डबोर्ड ओल पितो, तो वाळवूनही सरळ होत नाही. त्याजागी 12 मिमी बीडब्ल्यूआर (ओल सोसणारा) प्लाय लावा, चारही कडांना वॉर्निश द्या आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा.